रानातील जीव आणि आपली राखणदारी

(अभ्यासाचा धडा. वाचावयाचे भाग : उत्पत्ति २:१५, ६:१९-२०, ९:८-१७, अनुवाद २२:६-७, २ राजे १८:४, मत्तय १०:२९.)

बीड जिल्ह्याच्या खेडोपाडी विखुरलेल्या मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो व तो उपदेशकांस अडचणीत टाकितो. श्रावणात नागपंचमी येते. शेजारची माणसे दूध-लाह्या घेऊन वारुळाकडे जातात; ख्रिस्ती घरची माणसे जात नाहीत. हे योग्यच आहे, कारण उत्पन्न केलेल्या वस्तूची पूजा आपण सोडिली आहे. परंतु त्याच आठवड्यात घराच्या वळचणीस साप निघाला, म्हणजे आपल्यापैकी कित्येक काठी घेऊन धावतात आणि तो ठेचल्यावर म्हणतात की, आम्ही विश्वासी झालो, आम्हांस आता सापाची भीड नाही. नाग न पूजणे व नाग मारणे ही जणू एकाच विश्वासाची दोन अंगे होत! हे खरे आहे काय, याचा विचार या धड्यात करावयाचा आहे.

१. शास्त्राची शिकवण

देवाने आदामास बागेत ठेविले ते दोन कामांसाठी : तिची मशागत करावी व तिची राखण करावी. राखण म्हणजे काय, हे आपल्या शेतकरी बांधवांस सांगावयास नको. ज्वारी हुरड्यास आली म्हणजे माळ्यावर बसणारा राखणदार त्या पिकाचा धनी नसतो. धन्याच्या मालाबद्दल त्यास जबाब द्यावा लागतो. मनुष्यास सृष्टीवर दिलेला अधिकार याच प्रकारचा आहे.

पुढे जलप्रलयाच्या वेळी नोहाने तारवात कोणास घेतले ते पाहा. बैल, मेंढरे, कबुतरे एवढ्यांसच नव्हे, तर भूमीवर सरपटणाऱ्या जिवांसही देवाच्या आज्ञेने जागा मिळाली. आणि प्रलय ओसरल्यावर देवाने जो करार केला तो नोहाशी व त्याच्या संततीशी तर केलाच, पण त्यांच्याबरोबर तारवातून निघालेल्या प्रत्येक सजीव प्राण्याशीही केला. आकाशातील धनुष्य पाहून आपण आपल्या मुलांस हा करार सांगतो. तेव्हा त्या करारात आणखी कोणाचा भाग आहे, हेही सांगितले पाहिजे.

कोणी म्हणेल, सर्पाने हव्वेस फसविले व देवाने त्यास शाप दिला, मग त्यास मारण्यात दोष कोणता? याचे उत्तर असे की, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात त्या जुनाट सर्पाचे नाव स्पष्ट सांगितले आहे : तो सैतान होय. आपले युद्ध त्याच्याशी आहे. उंदरामागे धान्याच्या कणगीपाशी आलेल्या मुक्या जिवाशी ते नाही. हिज्कीया राजाचे उदाहरण येथे फार उपयोगी आहे. मोशेने केलेल्या पितळी सर्पापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा त्या देवभीरू राजाने तो फोडून टाकिला. परंतु देशातील साप मारीत तो फिरला, असे कोठे लिहिलेले नाही. मूर्तिपूजा मनुष्याच्या अंतःकरणात असते. तिचा दोष प्राण्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

२. तागडगावचे केंद्र

जे शास्त्रात वाचले ते हाताने कसे करावे, याचा एक नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे सिद्धार्थ सोनवणे व त्यांच्या पत्नी सृष्टी सोनवणे हे दांपत्य 'सर्पराज्ञी' या नावाचे वन्यजीवांचे केंद्र चालविते. जखमी, आजारी अथवा आईवेगळी झालेली रानातील जनावरे व पाखरे तेथे आणिली जातात. त्यांस औषधपाणी मिळते. आणि ती बरी झाली म्हणजे पुन्हा रानात सोडिली जातात.

या शेवटल्या गोष्टीवर उपदेशकांनी विशेष भर द्यावा. विहिरीत पडलेले पाडस आपण काढितो, त्यास दूध पाजितो, आणि मग मुले त्याच्या गळ्यात घुंगरू बांधून ते दाराशी ठेवू पाहतात. माया खरी असते, तथापि त्या पाडसाचे रान हिरावले जाते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तसे ठेवणे गुन्हा आहे. जखमेवर तेल व द्राक्षारस ओतणाऱ्या शोमरोन्याने त्या जखमी वाटसरूस आपला गुलाम करून घेतले नाही. ज्याची शुश्रूषा केली त्यास त्याच्या वाटेस लावणे, हे दयेचे शेवटचे काम होय.

३. मोर आणि अनुवादातील लहान आज्ञा

पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात नायगाव येथे १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य झाले. त्याचा विस्तार सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. परंतु मोर अभयारण्याची सीमा जाणत नाही. तो आपल्या शेतांतही येतो. लांडोर पावसाळ्यात झुडपाखाली जमिनीवरच अंडी घालिते व सुमारे चार आठवडे एकटीच ती उबविते. गुराख्याच्या पोरास ती सहज सापडतात.

अशा पोरासाठीच जणू अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक आज्ञा लिहिली आहे. वाटेत पाखराचे घरटे आढळले व आई पिलांवर अथवा अंड्यांवर बसलेली असली, तर आईस पिलांसह धरू नये. तिला जाऊ द्यावे. आज्ञा किती लहान! परंतु तिला जोडलेले वचन पाहा : कल्याण व दीर्घायुष्य. हेच वचन त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात मातापित्यांचा मान राखणाऱ्यास दिले आहे. ज्या देवाने आईबापांचा मान लाविला, त्यानेच रानातील आईचाही विचार केला आणि दोन्ही आज्ञांस एकच मोल दिले. पुढील वर्षीही घरटे व्हावे अशी त्याची इच्छा दिसते. आजच्या कायद्याने तर मोराची अंडी घेणेही मना आहे, तेव्हा ख्रिस्ती मुलाने अंडीही घेऊ नयेत व आईसही छेडू नये. पिसे हवी असल्यास घाई नको. पावसाळा सरता सरता ती आपोआप गळतात. आणि पेरणीच्या वेळी औषध चोळलेले बियाणे बांधावर उघडे सांडू नये. ते वेचून मोर मरतात.

४. सापाविषयी आवश्यक ज्ञान

भीती पुष्कळदा अज्ञानातून येते. आपल्या भागात माणसाच्या जिवास अपाय करणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. ती गाईच्या सडास लागून दूध पिते, ही कल्पना खोटी आहे. साप दुधावर जगत नाही आणि त्यास ओढून पिता येईल असे त्याचे तोंडही नाही.

परंतु भय सर्वस्वी निराधार आहे असेही कोणी शिकवू नये. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, व त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती. यास्तव पुढील गोष्टी प्रत्येक घरी सांगाव्या. रात्री बाहेर जाताना विजेरी व काठी घ्यावी. सरपण व गोवऱ्या घराच्या भिंतीस लावून रचू नयेत. दिवाळीच्या सुमारास ज्या टोळ्या ऊसतोडीस जातात त्यांनी कोपीत भुईवर उघडे निजू नये. खाट नसली तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. मण्यार रात्रीच निजलेल्यास चावते व तिच्या दंशाची वेदना अल्प असल्याने पुष्कळदा तो कळतही नाही.

दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. बांगड्या, अंगठी, जोडवी काढावी. तो अवयव हालू देऊ नये. आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलावून रोग्यास सरकारी रुग्णालयात न्यावे. विषावरील लस तेथेच मिळते. मांत्रिकाकडे नेणे आपण सोडिले आहे. परंतु उपदेशकास बोलावून घरीच प्रार्थना करीत बसणे, हाही त्याच चुकीचा दुसरा प्रकार होईल. प्रार्थना गाडीत करावी. वैद्यही देवाचेच दान आहे.

५. नुकसान व भय यांविषयी

काळविटांचा कळप एका रात्रीत कोवळे पीक खाऊन जातो, तेव्हा राखणदारीचा उपदेश गोड लागत नाही, हे आम्ही जाणतो. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे प्राण घेतले. डिसेंबरात वनविभागाने करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्यास गोळी घातली. मनुष्याचा जीव धोक्यात असता अधिकाऱ्यांनी असे करणे आवश्यक होते. परंतु एकाच्या अपराधासाठी साऱ्या जातीस विष घालणे अथवा कुंपणात विजेची तार सोडणे यात न्याय नाही. आणि त्या तारेने शेजाऱ्याचे लेकरूही मरू शकते. पिकाचे किंवा गुरांचे नुकसान झाल्यास विलंब न करिता वनविभागाच्या कचेरीत अर्ज द्यावा. भरपाईची तरतूद आहे. ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज उपदेशकाने लिहून द्यावा. हीही सेवाच आहे.

६. मंडळीने काय करावे

साप घरात निघाल्यास मुलांस दूर करून, एकाने लांबून त्यावर नजर ठेवावी व जाणत्या सर्पमित्रास अथवा वनविभागास कळवावे. चैत्र-वैशाखात मंदिराच्या अंगणात झाडाखाली पाण्याची पसरट परळे ठेवावी व ती भरण्याची पाळी शब्बाथशाळेच्या मुलांस लावावी. मुलांनी वर्षभरात अंगणात आलेल्या पाखरांची नावे वहीत लिहावी. दोन चिमण्यांविषयी प्रभूने जे सांगितले ते अशा मुलांस लवकर उमजेल. आणि ज्या मंडळ्यांस शक्य असेल त्यांनी अगोदर विचारून तागडगावास मुलांची सहल न्यावी. तेथे जाऊन आलेले पोर घरी साप निघाल्यावर बापाच्या हातातील काठी धरील, आणि त्या दिवशी त्या घरास धडा देणारा तोच उपदेशक होईल.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न

१. राखणदार व धनी यांत भेद कोणता?
२. देवाने नोहाबरोबर आणखी कोणाशी करार केला?
३. हिज्कीयाने काय फोडिले, व का?
४. घरट्याच्या आज्ञेस कोणते वचन जोडले आहे? तेच वचन आणखी कोठे आढळते?
५. सर्पदंश झाल्यास कोणत्या तीन गोष्टी करू नयेत?
६. आपल्या गावात यंदा कोणत्या एका जिवाची राखण आपण पत्करू?