चेन्नईतच जन्मला, मग खुल्या गटात का?

प्रश्न : आमचे आजोबा १९६४ साली विट्याजवळच्या गावातून गलाईच्या धंद्यासाठी चेन्नईच्या साहुकारपेठेत आले. वडील इथेच जन्मले, मीही. आता आम्ही नुंगंबाक्कमला राहतो. मुलगा बारावीत आहे, तमिळ माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. तामिळनाडूच्या मागासवर्गीय यादीत 'मराठा (ब्राह्मणेतर)' असं चक्क छापलेलं आहे आणि आम्ही मराठाच. तरी अर्ज भरायला गेलो तेव्हा, 'तुमचं मूळ महाराष्ट्रात, हे प्रमाणपत्र तुम्हाला नाही' असं ऐकून परत आलो. तीन पिढ्या झाल्या, अजून आम्ही बाहेरचेच?
— एक वाचक, नुंगंबाक्कम

उत्तर : यादीतला शब्द तुमचा, पण नोंद तुमची नाही; ती तंजावरकडच्या मराठ्यांची. व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं आणि तिथलं मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकलं. त्या काळात गेलेले शिपाई, कारकून, शिंपी तिथेच मुरले. त्याच नोंदीत पुढे 'नामदेव मराठा', म्हणजे शिंपी, असंही आहे, त्यावरून हे लोक कोण ते कळावं. ते तामिळनाडूचे मूळ रहिवासी ठरतात. तुमचे आजोबा सोनारांच्या दुकानातली धूळ झाडून नेत, ती मुशीत वितळवून त्यातला सोन्याचा कण वेगळा काढत. साहुकारपेठेत त्यांना 'सेट्टू' म्हणत असतील, मारवाडी समजून. सरकारदरबारी ते परराज्यातले.

म्हणजे इथे पिढ्या मोजत नाहीत, मूळ विचारतात. मुलगा आठवी ते बारावी तामिळनाडूत शिकला असेल तर राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत तो बसतो, पण खुल्या गटातून. राज्यात आरक्षण ६९ टक्के, तेव्हा उरलेल्या ३१ टक्क्यांत, आणि तिथेही सगळ्यांशी स्पर्धा.

हा घोळ तामिळनाडूचाच आहे असं समजू नका. याचा मोठा निकाल आपल्या मुंबईतून निघाला. आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणी मुंबईत आला, तिथेच शिकला आणि परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागू लागला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती नाकारली (मर्री चंद्रशेखर राव खटला). जात किंवा जमात 'त्या राज्याच्या संदर्भात' अनुसूचित असते, असं घटनेच्या कलम ३४१ आणि ३४२ मध्ये आहे. राज्य बदललं की सवलत बरोबर येत नाही. २०१८ मध्ये बीर सिंग खटल्यातही हेच तत्त्व कायम राहिलं. कायद्याचं तर्कशास्त्र समजतं. पण अस्पृश्यता सोसलेलं कुटुंब रेल्वेत बसलं की ती मागे फलाटावर राहते, हे मात्र मला पटत नाही. तुमच्या गल्लीत विट्याहूनच आलेला एखादा अनुसूचित जातीचा गलाईवाला असेल, तर त्याचा तोटा तुमच्यापेक्षा कितीतरी मोठा. त्याचे आजोबा अनुसूचित जातींचा आदेश निघाला त्या १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून इथे राहत असते, तर गोष्ट वेगळी असती.

'मग महाराष्ट्रात पाठवू' असं मनात आलं असेल. एमबीबीएसच्या राज्य कोट्याला तिथलाच अधिवास लागतो आणि दहावी-बारावीही तिथलीच. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

नोकरीचं थोडं बरं आहे. जन्मस्थान किंवा निवासावरून सरकारी नोकरी नाकारायला कलम १६ मनाई करतं. राज्याच्या भरतीत २०२१ पासून तमिळचा पेपर सक्तीचा आहे, त्यात ४० टक्के हवेत. तुमच्या मुलाला तो जड जाऊ नये. तमिळ माध्यमातून शिकलेल्यांना २० टक्के प्राधान्य आहे, तो इंग्रजी माध्यमातला असेल तर ते विसरा.

आणि रागावण्याआधी एक आठवा. साठच्या दशकात मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या आपल्याच 'मार्मिक' साप्ताहिकात छापून येत होत्या. त्यांचीही मुलं-नातवंडं मुंबईत जन्मली.

आता करायचं काय? उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल आणि मालमत्तेच्या अटीत बसत असाल, तर आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र मागा. तामिळनाडू आपल्या महाविद्यालयांत त्याचं १० टक्के आरक्षण देत नाही, पण आयआयटी मद्रास किंवा तिरुचिरापल्लीच्या एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांत ते चालतं. दुसरं, गावी जाऊन आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेचा दाखला आणि महसुलाची जुनी कागदपत्रं काढा. त्यांत 'कुणबी' अशी नोंद सापडली तर महाराष्ट्रातून इतर मागासवर्गाचं प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि केंद्राच्या नोकरीसाठी, अगदी तुमच्या शेजारच्या हॅडोज रोडवरच्या शास्त्री भवनातल्या कचेरीसाठीही, ते कामाला येईल. जाताना आजोबांचं पूर्ण नाव जुन्या पद्धतीने कसं लिहीत असत ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या. दप्तरात अडकतं ते तिथेच.