तीन कागद आणि एक चेहरा : एका विद्यार्थ्याचे छायाचित्रणातील प्रयोग

या स्मरणिकेसाठी दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची छायाचित्रे शाळेतच काढावीत, असे गेल्या हिवाळ्यात ठरले. एका माजी विद्यार्थ्याने आपला वापरलेला डीएसएलआर कॅमेरा शाळेस भेट दिलेला होता, आणि तो हाताळण्याची खरी ओढ असलेला एक मुलगा त्याच वर्गात होता. विज्ञानशिक्षक या नात्याने देखरेख माझ्याकडे आली. पुढील दोन महिन्यांत त्याने जे प्रयोग केले त्यांची हकीकत येथे सांगावयाची आहे. तिच्यात माझीही एक चूक आहे. ती वगळली तर बाकीचे नीट समजणार नाही.

पहिली छायाचित्रे सकाळी अकराच्या उन्हात, विहाराच्या नव्याने चुना दिलेल्या भिंतीपुढे काढली गेली. मुलांच्या अंगात पांढरे गणवेश होते. संगणकावर पाहिले तर सगळे चेहरे काळवंडलेले, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या, केस कोठे संपतात आणि कपाळ कोठे सुरू होते तेही कळेना. मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, आपले चेहरेच काळे. फोटो चांगले येणार कसे?" मी काहीच बोललो नाही. वर्षानुवर्षे प्रकाशाचे परावर्तन शिकविणाऱ्या माणसाने तेव्हा बोलावयास हवे होते.

मग त्याने आपल्या परीने उपाय शोधला. मोबाइलमधील एका ॲपने एका स्पर्शात त्वचा उजळते, गाल गुळगुळीत होतात. सगळी छायाचित्रे त्यातून काढून त्याने मला दाखविली आणि मी "छान झाले" म्हणालो. तालुक्याच्या गावाहून प्रती छापून आणल्या. रविवारी भेटीच्या दिवशी एका विद्यार्थ्याची आई आली. तिने हातातील छायाचित्र जवळ धरून पाहिले, लांब धरून पाहिले आणि मला विचारले, "हे कोनाचं लेकरू हाय जी?" ती थट्टा करीत नव्हती. तिचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली. छायाचित्रकार मुलगाही तेथेच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे प्रयोगशाळेत बसलो. एक पांढरा कागद, एक करडा पुठ्ठा आणि एक काळा कागद अशा तीन वस्तू घेतल्या. खिडकीच्या एकसारख्या उजेडात, कॅमेरा स्वयंचलित ठेवून, प्रत्येक वस्तूने चौकट पूर्ण भरेल अशी तीन छायाचित्रे त्याने काढली. तिन्ही जवळजवळ सारखीच करडी आली. कोणता कागद कोणता, हे क्रमावरूनच सांगता येत होते. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी अवश्य करून पाहावा. त्यास पैसा लागत नाही.

याचे कारण असे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला वस्तू ओळखता येत नाही. तिच्यावरून परत येणारा प्रकाश तेवढा तो मोजतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठविणारे आहे, अशा गृहीतावर तो आपले गणित मांडतो. ताजा चुना त्याच्या चौपटीहून अधिक प्रकाश परत पाठवितो. इतका उजेड पाहून यंत्र समजते की प्रकाश फार झाला, आणि तो कमी करते. भिंत करडी होते आणि तिच्यापुढे उभा असलेला सावळा मुलगा अंधारात जातो. नव्या कॅमेऱ्यांत चेहरा ओळखण्याची सोय असते, आमच्या जुन्या कॅमेऱ्यात ती नव्हती. हे सांगून झाल्यावर मुलगा एवढेच म्हणाला, "म्हणजे चूक भिंतीची होती." ते अगदी बरोबर नव्हे, पण त्या दिवशी मी त्याला दुरुस्त केले नाही.

पुढचे प्रयोग त्याने स्वतः आखले. त्याच भिंतीपुढे त्याच मित्राला उभे करून त्याने प्रकाशाची भरपाई शून्य, अधिक एक, अधिक दोन अशी वाढवीत नेली. येथे एक अंक वाढला की प्रकाश दुप्पट होतो. अधिक एकवर डोळे दिसू लागले. अधिक दोनवर चेहरा मोकळा झाला, पण भिंतीचा तपशील पुसून नुसता कोरा पांढरा पट्टा राहिला. मग त्याने भिंतच सोडली. कडुनिंबाखाली सावली मऊ होती, मात्र पानांतून गाळून आलेल्या उजेडाने गालांवर हिरवट झाक आली. शेवटी उत्तरेकडचा व्हरांडा ठरला. तेथे थेट ऊन येत नाही, आकाशाचा पसरट प्रकाश येतो. विद्यार्थ्याने छातीपाशी थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला की खालून परतलेला उजेड डोळ्यांच्या खोबणीतील सावली भरून काढतो. तो तक्ता मागील वर्षीच्या स्नेहसंमेलनातील सजावटीचा होता.

संपादनाचा प्रश्न उरलाच. कमी प्रकाशात काढलेले चित्र नंतर उजळले तर काय होते, हे त्याने मोठे करून पाहिले. काळसर भागात रव्यासारखे रंगीत ठिपके उठतात. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात. अंधाऱ्या भागाच्या वाट्याला त्यांतील मोजक्याच येतात, आणि जे टिपलेच गेले नाही ते मागाहून आणता येत नाही. म्हणून काम आधी प्रकाशाचे आणि मग संगणकाचे. गिम्प या मोफत प्रणालीत त्याने सावलीची निळसर झाक काढली, चौकट कापली, उजेडाची पातळी जुळविली. प्रकाशामुळे आलेला दोष दुरुस्त करावयाचा, चेहऱ्याचे जे आहे त्याला हात लावायचा नाही, असा नियम त्याने वहीत लिहिला.

नियम लिहिणे सोपे होते. एका मुलीने कपाळावरची पुटकुळी काढून टाकण्यास सांगितले. ती आठ दिवसांत जाणारी, तेव्हा ती चेहऱ्याची की त्या दिवसाची? आमचे एकमत झाले नाही. माझ्या मते तो अधिकार त्या मुलीचा, पुटकुळी काढली. दुसऱ्या एका मुलाच्या हनुवटीवर भाजल्याचा जुना व्रण आहे. त्याला विचारले, तो म्हणाला राहू द्या.

"यंत्र बनविणाऱ्यांसमोर कोणाचे चेहरे होते, सर?" असे त्याने एकदा विचारले. प्रश्न योग्य होता. कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी एक नमुना-छायाचित्र पुरवीत असे. त्यात गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे; तिची त्वचा बरोबर उमटली की छपाई बरोबर. त्यास 'शर्ली कार्ड' असे नाव पडले. सावळ्या त्वचेच्या छटा त्या मापात नीट बसत नसत. गडद तपकिरी छटा सुधारण्यामागे चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचाही हात होता, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. संपादन उलट दिशेनेही होते. जून १९९४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय खेळाडूचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर अधिक काळे करून छापले. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तेच छायाचित्र मूळ रूपात छापल्याने दोन्ही अंक शेजारी ठेवताच फरक उघड झाला आणि मोठी टीका झाली. दोन्ही मुखपृष्ठे मी वर्गात दाखविली. मुले नेहमीपेक्षा अधिक वेळ शांत होती.

दहावीची सगळी छायाचित्रे पुन्हा काढली गेली. या स्मरणिकेत आहेत ती हीच. त्या आईला नवी प्रत दिली तेव्हा तिने ती पदराने पुसली आणि आजीसाठी आणखी एक मागितली. जुन्या प्रतींपैकी एकच मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. कॅमेरा सध्या नववीतील दोन मुलींकडे आहे. पहिला आठवडा त्यांनी त्या तीन कागदांवरच घालविला, आणि आता एकीला रात्री कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या आपल्या भावाचे छायाचित्र, दिव्याची व्यवस्था न बदलता, काढून पाहावयाचे आहे.