हरित शाळा : मूल्यांकनाची वाट आणि गावाची जबाबदारी

औंढा नागनाथ हे क्षेत्र महाराष्ट्राला दोन कारणांनी परिचित आहे. येथील नागनाथाचे स्थान बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाते आणि वारकरी परंपरेनुसार संत नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश येथेच लाभला. गोरोबाकाकांनी संतमंडळींची पारख करून नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविले, त्यानंतरची ही कथा. पारखीत कच्चे ठरणे हा शेवट नसून शिकण्याचा आरंभ असतो, हा तिचा बोध होय. शाळांच्या पर्यावरणविषयक मूल्यांकनाकडेही याच दृष्टीने पाहणे इष्ट ठरेल.

पार्श्वभूमी

पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर शिकविला जावा, या दिशेने सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निर्देश दिले. पुढे २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या द्वारे शाळाशाळांतून पर्यावरण मंडळे उभी राहिली. जागतिक पातळीवर १९९२ च्या रिओ परिषदेनंतर, १९९४ मध्ये ‘इको-स्कूल्स’ हा उपक्रम युरोपात सुरू झाला. त्यात निकष पूर्ण करणाऱ्या शाळेस हिरवा ध्वज दिला जातो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये ‘स्वच्छ एवं हरित विद्यालय मानांकन’ जाहीर केले. पाणी, शौचालय, साबणाने हात धुणे, देखभाल-दुरुस्ती, वर्तनबदल व क्षमताबांधणी आणि पर्यावरणपूरक जीवनशैली या सहा क्षेत्रांतील साठ निकषांवर शाळेस पाच ताऱ्यांपर्यंत मानांकन देण्याची ही योजना आहे.

सहभागाची रीत

उपक्रम कोणताही असो, त्याची वाट साधारणतः एकच असते. प्रथम समिती नेमावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. तिलाच विद्यार्थी प्रतिनिधींची जोड दिल्यास निराळे मंडळ स्थापण्याचे कारण उरत नाही. त्यानंतर शाळेची पाहणी, पाहणीवरून कृती आराखडा, दरमहा नोंद, अभ्यासक्रमाशी सांगड आणि ग्रामस्थांना माहिती, असा क्रम ठेवावा. शासकीय मानांकनासाठी शाळेच्या यू-डायस क्रमांकाने नोंदणी करून माहिती व छायाचित्रे स्वतः भरावयाची असतात.

या क्रमात पाहणीचा टप्पा सर्वांत मोलाचा आहे. ती विद्यार्थ्यांच्याच हातून व्हावी. गळक्या नळाखाली तासभर भांडे ठेवून साचलेले पाणी मोजावे आणि दिवसभरात किती वाया जाते याचे गणित वर्गात सोडवावे. आठवडाभराचा कचरा ओला, सुका व प्लॅस्टिक असा वेगळा करून तोलावा. मार्च ते जून या महिन्यांत शौचालयात पाणी किती दिवस नव्हते, याची नोंद मुलींकडून घ्यावी. ही शेवटची नोंद गैरसोयीची वाटली तरी ती टाळू नये. शौचालय बांधलेले आहे आणि शौचालय वापरात आहे, या दोन भिन्न गोष्टी होत.

पाण्याचा हिशेब

शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडल्यास शंभर लिटर पाणी मिळते. पन्नास मिलिमीटरच्या एका पावसात हे प्रमाण पाच हजार लिटर होते. पंचमांश वाया गेले असे धरले तरी चार हजार लिटर उरते. पहिल्या पावसाचे पाणी वाहू देऊन पुढचे टाकीत साठविल्यास ते झाडांना व शौचालयास उपयोगी पडेल. पिण्यासाठी मात्र गाळण व तपासणी आवश्यक आहे. पन्हळी, नळ व टाकी यांचा खर्च शाळेच्या किरकोळ निधीत बसेलच असे नाही. येथेच ग्रामपंचायतीची जबाबदारी सुरू होते. शाळेची मागणी ग्रामसभेपुढे मांडून ती गावाच्या विकास आराखड्यात समाविष्ट करून घ्यावी.

औंढ्यातील शाळांना आणखी एक संधी आहे. महाशिवरात्रीस व श्रावणात येथे भाविकांची गर्दी होते. बेल-फुलांच्या निर्माल्यातून प्लॅस्टिक व दोरे वेगळे करून खत करण्याचा उपक्रम मंदिर व्यवस्थापन, नगरपंचायत व शाळा यांनी मिळून हाती घेतल्यास शाळेचा धडा गावापर्यंत पोहोचेल.

कागद आणि वास्तव

तारे वा ध्वज मिळविण्याच्या घाईत एक धोका संभवतो. पाहणीच्या आदल्या दिवशी कुंड्या आणून मांडल्या, हात धुण्याच्या जागी नवा साबण ठेवला व छायाचित्र काढले, तर गुण मिळतील. परंतु मुले त्यातून दिखाव्याचाच पाठ शिकतील. म्हणून मुख्याध्यापकांनी उणिवांसह खरी माहिती भरावी आणि अधिकाऱ्यांनीही कमी तारे मिळालेल्या शाळेस जाब विचारण्याऐवजी मदतीचा पहिला हक्क तिचा मानावा. कमी गुणांची शिक्षा होते असे दिसताच खरी माहिती येणे थांबते आणि मग सुधारणेचा आधारच नाहीसा होतो.

मानांकनाचे पत्र भिंतीवर लागेल तेव्हा लागो. एप्रिल महिन्यातही शाळेच्या नळाला पाणी असणे आणि त्याचा हिशेब पाचवीतील मुलीला मांडता येणे, हे खरे प्रमाणपत्र होय.