जमिनीवरचे पक्षी

सगळेच पक्षी झाडावर घरटे करत नाहीत. तितर, बटेर, टिटवी हे जमिनीवरच अंडी घालतात. तितराचा रंग वाळल्या गवतासारखा असतो. आपण जवळ गेलो की ते आधी चूप बसते, मग पळते. अगदी पायापाशी आलो तरच फर्रकन उडते.

टिटवी तर काडीही गोळा करत नाही. उघड्या जमिनीवर खळग्यात बहुधा चार अंडी घालते. त्यांवर काळे ठिपके असतात, म्हणून ती गोट्यांसारखी दिसतात. नर व मादी दोघेही उबवतात. माणूस दिसला की टिटवी ओरडून डोके खाते, पण अंडी सापडू देत नाही.

अकोला व वाशीम जिल्ह्यांत पावसाळ्यात तणमोर येतो. मादीला दिसावे म्हणून नर गवतातून उंच उड्या मारतो. मादी मात्र लपून एकटीच अंडी उबवते. गवताची पडीत वाहितीत आली, म्हणून तणमोर फार थोडे उरले.

उन्हाळ्यात लोक धुरे पेटवतात. तेव्हाच तितराची अंडी धुऱ्यावर असतात. पाखरू उडून जाते, अंडी कशी जातील? मी बाबांना हे सांगितले. यंदा त्यांनी बोरीजवळचा धुरा पेटवला नाही.

— इयत्ता ४ थी