भूगोल-परिषदांच्या उपयोगाविषयी

चि. सुधाकर,

आंतरराष्ट्रीय भूगोल-परिषदांतील ठराव व भाषणे यांनी संशोधनास प्रत्यक्ष लाभ तो काय होतो, असे तू विचारले आहेस. उत्तरादाखल एका नकाशाची हकीगत लिहितो. १८९१ साली बर्नच्या परिषदेत आल्ब्रेख्ट पेंक या जर्मन भूगोलज्ञाने सुचविले की, सबंध पृथ्वीचा नकाशा सर्व राष्ट्रांनी मिळून, एका सेंटिमीटरास दहा किलोमीटर या एकाच प्रमाणावर काढावा. तोवर ज्या त्या सरकारचे मोजणीखाते आपला मुलूख आपल्याच मापांनी व चिन्हांनी रेखाटी, आणि सरहद्द ओलांडणारी नदी एकच असली तरी दोन्हीकडचे नकाशे एकमेकांस जुळत नसत. सूचना पटली, परंतु रेखांश ग्रिनिचपासून मोजावे की पॅरिसपासून, आणि उंची फुटांत लिहावी की मीटरमध्ये, यावर घोडे अडले, ते परिषदांनी विषय पुनःपुन्हा लावून धरल्यानंतर १९०९ साली लंडनच्या बैठकीत सुटले. रेषा इंग्रजांची राहिली, माप फ्रेंचांचे. प्रत्येक पत्रक चार अंश अक्षांशांचे व सहा अंश रेखांशांचे ठरून आपले पुणे आणि सोलापूर 'एन ई ४३' या एकाच पत्रकात आले.

पुढे मेक्सिकोपासून दक्षिणेकडच्या अमेरिकेची १०७ पत्रके कोणा सरकारने नव्हे, तर न्यूयॉर्कच्या अमेरिकन जिऑग्राफिकल सोसायटीने १९२० ते १९४५ या काळात तडीस नेली.

मात्र १९२२ साली ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीय भूगोल संघ स्थापन झाला, तेव्हा महायुद्धाच्या वैरापायी जर्मनांना त्यात प्रवेश नव्हता. ज्यांच्यातल्या एकाने ही कल्पना मांडली त्यांनाच दाराबाहेर ठेवणे हा माझ्या मते विद्येचा द्रोह होता, आणि तू संस्थांत वावरशील तेव्हा असल्या ठरावास हात वर करू नकोस.

आता तुझ्या तालुक्याच्या पाहणीविषयी. १९४९ च्या लिस्बन परिषदेनंतर डडली स्टॅम्प यांच्या नेतृत्वाखालील जमिनीच्या वापराच्या जागतिक पाहणीसाठी जे वर्ग ठरले, ते आधी वाच, आणि आपले जिरायत, बागायत, पडीक, गायरान त्यांत कुठे बसतात याचा तक्ता नकाशासोबत जोड. श्रावणात गुडघाभर गवत आणि वैशाखात उघडा मुरूम अशा गायरानास चराऊ जमीन म्हणावे की अनुत्पादक, हा निर्णय तुला शिवारात उभे राहूनच करावा लागेल. तो कोणत्या महिन्यात व कोणत्या कारणाने केलास हे टिपणात लिही, म्हणजे दूरदेशीच्या अभ्यासकास तुझा नकाशा आपल्या नकाशाशेजारी ठेवता येईल. मसुदा तयार होताच मजकडे पाठव.

तुझा काका