घराच्या सौद्यात तोंडी शब्दाची किंमत किती?

आपला धंदा शब्दावर चालतो. धाटावच्या कारखानदारीत काम घेणारा वेल्डर असो की रोह्याच्या पेठेतला कापडवाला, "ठरलं" म्हटले की ठरले. हीच सवय घर विकताना मात्र अंगलट येते.

एक उदाहरण घेऊ. वरसे येथील एक सुतारबांधव मुलीच्या लग्नासाठी घर विकायला काढतात. शेजारी म्हणतो, "अठरा लाख देतो, मलाच द्या." हे संकोचाने म्हणतात, "बघू, इन्शाअल्लाह." शेजारी अकरा हजार रुपये हातात ठेवतो. पावती नाही, मुदत नाही. दोन महिन्यांनी दुसरा ग्राहक एकवीस लाख देऊ करतो. त्याचे वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात आणि शेजारी हरकत घेतो की, सौदा माझ्याशी झालेला आहे. नवा ग्राहक बिचकतो, जुना हटत नाही आणि लग्नाची तारीख जवळ येते.

येथे कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 नुसार शंभर रुपये वा अधिक किमतीच्या घराची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. आपल्यात तोंडी हिबा चालतो, म्हणून तोंडी विक्रीही चालेल असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. सवलत हिब्याला आहे, विक्रीला नाही.

पण विक्री वेगळी आणि विक्रीचा करार वेगळा. करार तोंडीही होऊ शकतो, आणि घोळ नेमका इथे आहे. ब्रिज मोहन विरुद्ध सुग्रा बेगम या खटल्यात 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. मात्र सर्व महत्त्वाच्या अटींवर दोघांचे एकमत झाले होते, हे सिद्ध करण्याचा भार तोंडी सौदा सांगणाऱ्यावर टाकला. त्या खटल्यात खरेदीदारांना ते जमले नाही. म्हणजे "बघू" हा होकार नव्हे. पण पैसे घेतलेत, साक्षीदार समोर आहेत आणि मोबाइलवर "पक्के" असा संदेश गेला आहे, तर निश्चिंत राहता येणार नाही.

किंमत सांगणे म्हणजेही देकार नव्हे. कुर्गमधील एका बंगल्याच्या व्यवहारात मालकाच्या वतीने कळवले गेले होते की, दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही. समोरच्याने लगेच होकार दिला आणि करार झाल्याचा दावा लावला. मॅकफर्सन विरुद्ध अप्पण्णा या निकालात 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने तो दावा मानला नाही.

आता मार्ग. प्रत्येक देकार आला की दोन ओळींचे लेखी उत्तर द्यावे: आपला देकार अमुक रकमेचा मिळाला, अमुक तारखेपर्यंत विचार करू, लेखी साठेखत होईपर्यंत कोणीही बांधील नाही. मान्य नसेल तर नकारही लेखीच कळवावा. गप्प बसल्याने भांडण मिटत नाही, ते फक्त पुढे ढकलले जाते.

विसार घेतलाच तर पावतीत घराचा ग्रामपंचायतीतील घर क्रमांक, पूर्ण किंमत, मुदत आणि सौदा मोडल्यास रक्कम कशी परत होईल हे लिहावे. कोकणातील बहुतेक मुस्लिम शाफई आहेत आणि त्या मसलकात बयाणा जप्त करण्याची अट मान्य नाही. म्हणून हे आधीच स्पष्ट केलेले बरे. रक्कम बँकेतून घ्यावी. 2015 पासून घराच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रोख आगाऊ घेणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

वडिलांच्या निधनानंतरचे घर असेल तर आणखी सावध राहावे. मृत्यूच्या क्षणीच सर्व वारसांचे हिस्से ठरतात. मोठ्या भावाने दिलेला शब्द बहिणींना बांधत नाही. त्यांची लेखी संमती आधी घ्यावी.

उदाहरणातल्या सुतारबांधवांनी काय करावे? पहिली बोलणी दुसऱ्या ग्राहकापासून लपवू नयेत. आधीचा करार ठाऊक नसताना प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्याला 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे संरक्षण आहे. पण ग्राहकाला अंधारात ठेवणारा विक्रेता त्यालाही कोर्टाची पायरी चढायला लावू शकतो. शेजाऱ्याला बोलावून दोन साक्षीदारांसमक्ष अकरा हजार चेकने परत करावेत आणि आपला काही हक्क उरला नाही असे लिहून घ्यावे. तो ऐकेना तर वकिलामार्फत नोटीस द्यावी. मात्र मनापासून होकार दिला असेल आणि आता तीन लाखांसाठी तो फिरवायचा असेल, तर कागद नसल्याचा आधार घेऊ नये. त्याला अठरा लाखांतच घर द्यावे.

सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, हातोहात व्यापाराला मात्र सूट आहे. आपण त्या सुटीवरच बोट ठेवतो. आज विसार आणि तीन महिन्यांनी खरेदीखत, हा हातोहात व्यापार कसा म्हणायचा?