दोन खोल्यांत टीव्ही: केबल एक की दोन?

प्रश्न : कराडजवळ घर बांधतोय. भिंती, स्लॅब झाले, गिलावा बाकी आहे. हॉलमध्ये आणि आईवडिलांच्या खोलीत असे दोन टीव्ही असतील. वायरमन म्हणतो, गच्चीवरच्या छत्रीपासून एकच केबल आणू आणि खाली स्प्लिटर लावू. चालेल का?

उत्तर : दोन केबल टाका. गिलाव्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत, कारण नंतर हेच काम भिंत फोडून करावं लागतं.

केबलमधून चित्र फक्त खाली येतं असा आपला समज असतो. पण खालचा सेट टॉप बॉक्स त्याच केबलमधून वर वीजही पाठवत असतो. छत्रीच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी त्या विजेवर चालतो. उपग्रहाकडून आलेल्या ११-१२ गिगाहर्ट्झच्या लहरी साध्या केबलमधून फार लांब टिकत नाहीत, म्हणून एलएनबी त्यांना ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत उतरवून मग खाली सोडतो. शिवाय त्या विजेचा दाब हा एक हुकूमच असतो. १३ व्होल्ट आले की एलएनबी उभ्या ध्रुवीकरणाच्या लहरी देतो, १८ आले की आडव्या. आता एका केबलवर दोन बॉक्स जोडले आणि दोघांनी वेगवेगळा हुकूम सोडला, तर १८ व्होल्टवाल्याचं चालतं. हॉलमध्ये क्रिकेट लावलं की आतल्या खोलीतली आईंची मालिका गायब!

एखाद्या सेवेच्या सगळ्या वाहिन्या एकाच ध्रुवीकरणावर असतील, तर वीज जाऊ देणाऱ्या स्प्लिटरने काम भागतं. तुमच्या वायरमनचा अनुभव कदाचित तसाच असेल. पण उद्या सेवा बदललीत तर? घर पुढच्या पिढीसाठी बांधायचं आणि केबल आजच्या पॅकपुरती टाकायची, हे मला पटत नाही. दोन तोंडांचा एलएनबी घ्या आणि प्रत्येक खोलीपर्यंत स्वतंत्र, मध्ये कुठेही न जोडलेली केबल न्या.

केबल ७५ ओहमची आरजी-६ हवी. तिच्यात १०० मीटरला १ गिगाहर्ट्झवर सुमारे २० डेसिबल घट होते, वरच्या टोकाला त्याहून बरीच जास्त. घरातल्या २०-२५ मीटरला हे चालून जातं. स्वस्त केबलची मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. लहरी तारेच्या पृष्ठभागावरूनच जातात, त्यांना फरक पडत नाही. वर जाणारी वीज मात्र तारेच्या गाभ्यातूनही वाहते. म्हणून अंतर मोठं असेल तर शुद्ध तांब्याची तार मागा.

पाइप २५ मिलिमीटरचा आणि विजेच्या वायरिंगपासून वेगळा ठेवा. २३० व्होल्टच्या तारांसोबत ही केबल एका पाइपात अजिबात घालू नका. काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या वळणाचा बेंड वापरा आणि आत एक जीआय तार सोडून ठेवा, म्हणजे पुढे केबल बदलताना ती ओढता येईल. गच्चीवर पाइपचं तोंड खाली वळवा. कराडचा पाऊस उघड्या तोंडातून सरळ टीव्हीच्या बोर्डापर्यंत उतरतो.

छत्रीची जागाही आत्ताच ठरवा. आपल्याकडच्या डीटीएच सेवांचे उपग्रह पूर्व रेखांश ८३ ते १०८ अंशांच्या पट्ट्यात आहेत, म्हणजे तुमच्या गच्चीवरून साधारण आग्नेयेला. डीडी फ्री डिशचा ९३.५ अंशांवरचा उपग्रह तर जवळजवळ नेमका आग्नेयेलाच दिसेल. त्या बाजूला पाण्याची टाकी किंवा वाढतं नारळाचं झाड नको.

गिलावा चढण्याआधी पाइप गेलेल्या प्रत्येक भिंतीचा, शेजारी टेप धरून, एकेक फोटो काढून ठेवा.